छायासहिष्णुता, वृक्षरोपांची

अपुऱ्या प्रकाशात दीर्घकाळ तग धरून राहण्याच्या रोपाच्या क्षमतेस छायासहिष्णुता म्हणतात. उष्ण प्रदेशातील बहुतेक वृक्षजातींत हा गुण आणि भरपूर प्रकाशात झपाट्याने वाढण्याची शक्ती ही दोन्ही एकत्र पूर्णपणे आढळत नाहीत.

सदापर्णी वर्षावनाच्या तळाशी बाहेरील प्रकाशाच्या सु. १ ते २ टक्केच प्रकाश पोहोचतो. तेथे तयार होणारे अन्न श्वसनास जेमतेम पुरते. अळीने पान कुरतडले किंवा बुरशीने खोड कुजविले, तर ती तूट भरून निघत नाही. सावलीत टिकणारी रोपे सावलीत अधिक वेगाने वाढत असावीत, असे साहजिकच वाटते. पण तसे नाही. पनामातील बॅरो कोलोरॅडो बेटावरील १३ जातींच्या अभ्यासातून काओरू कितजिमा यांनी १९९४ मध्ये दाखविले की, प्रकाशप्रिय जातींची रोपे उन्हाप्रमाणे सावलीतही जलद वाढतात. मात्र सावलीत ती अधिक संख्येने मरतात. तग धरणारी रोपे अन्न पानांच्या विस्तारावर न खर्चता दाट काष्ठ, चिवट पाने व मोठी मुळे यांवर खर्च करतात.

नागपूरभोवतालच्या शुष्क पानझडी जंगलात प्रश्न निराळा आहे. येथे सावली ऋतुमानानुसार बदलते. उन्हाळ्यात झाडे निष्पर्ण असल्याने प्रकाश विपुल असतो, पण जमिनीत ओल नसते; पावसाळ्यात ओल मिळते, तेव्हा माथ्यावरील पालवी दाट झालेली असते. साग, बीजा, तेंदू यांच्या रोपांचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो किंवा वणव्यात जळतो, मूळ मात्र जिवंत राहून जाड होत जाते व पावसाळ्यात त्यास नवा फुटवा येतो. हा क्रम अनेक वर्षे चालू शकतो. म्हणून उंचीवरून रोपाचे वय ठरविणे फसवे असते. वर्षभराच्या सागरोपाची पाने व बहुतेक खोड छाटून उरलेला मुळाचा तुकडा (‘स्टंप’) लावण्याची पद्धती याच गुणावर आधारलेली आहे.

साग हा अतिशय प्रकाशप्रिय वृक्ष आहे. दाट बांबूखाली त्याची रोपे फार काळ टिकत नाहीत. उलट, जंगल एकदम मोकळे केल्यास गवत व घाणेरी माजतात. त्यांच्या गर्दीत सागाचे रोप पुन्हा सावलीतच सापडते आणि वाळल्या गवतामुळे वणव्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे वरची झाडे किती व केव्हा विरळ करावयाची, हे खाली उभ्या असलेल्या रोपांच्या मुळांची जाडी पाहूनच ठरवावे लागते.