टाच दुखते, मग व्यायाम कोणता करावा?

"डॉक्टर, तुम्ही म्हणता रोज चाला. पण सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. मी चालू तरी कशी?"

पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या एका बाईंचा हा प्रश्न. टाच दुखू लागल्यापासून त्यांनी फिरणे बंद केले होते. दोन महिन्यांत टाच काही बरी झाली नाही. वजन मात्र तीन किलोंनी वाढले आणि रक्तातील साखरही चढली. याच्या अगदी उलट वागणारे रुग्णही भेटतात. ते दुखणे कमी करणारी गोळी घेतात आणि ठरलेले पाच किलोमीटर चालूनच येतात. गोळीने वेदना दबते, पण इजा चालूच राहते. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. टाचेला विश्रांती द्यायची, पण हृदयाला द्यायची नाही, हा खरा मार्ग होय.

हृदयाला काय हवे असते?

चालणे हा उत्तम आणि बिनखर्चाचा व्यायाम आहे यात शंका नाही. परंतु आपण चालतो आहोत, सायकल मारतो आहोत की खुर्चीत बसून हातपाय हलवतो आहोत, हे हृदयाला कळत नाही. मोठे स्नायू सलग काम करू लागले की त्यांना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून नाडी वाढते आणि श्वास जलद होतो. हृदयाच्या दृष्टीने व्यायाम म्हणजे एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस, रोज किमान अर्धा तास. हा अर्धा तास सलग हवा असेही नाही. दहा-दहा मिनिटे तीन वेळा केले तरी चालते. मध्यम व्यायामाची खूण सोपी आहे: बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. रक्तदाबासाठी 'बीटा ब्लॉकर' गटातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही. त्यांनी ठोके मोजत बसण्यापेक्षा हीच खूण धरावी.

टाच का दुखते?

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला 'प्लँटार फॅसिया' म्हणतात. धनुष्याच्या दोरीप्रमाणे तो तळपायाची कमान धरून ठेवतो. सतत ताण पडून टाचेजवळ हा पट्टा दुखावला की टाचदुखी सुरू होते. सकाळची पहिली काही पावले फार दुखतात, थोडे चालल्यावर बरे वाटते आणि दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो, ही त्याची ओळख. वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, कठीण फरशीवर तासन् तास अनवाणी उभे राहणे आणि पातळ, सपाट तळाची चप्पल ही नेहमीची कारणे. 'क्ष-किरण चित्रात हाड वाढलेले दिसते' म्हणून पुष्कळ लोक घाबरतात. तसे हाड टाच न दुखणाऱ्या अनेकांतही आढळते.

आता थोडा हिशेब करू. अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात सुमारे तीन हजार पावले पडतात, म्हणजे दुखऱ्या पायावर दीड हजार. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भार पायावर येतो. पळताना तो वजनाच्या दोन ते तीन पट होतो. म्हणून दुखणे जोरात असताना पळणे, दोरीवरच्या उड्या, जिना चढणे-उतरणे आणि उड्यांचे नाच बंद ठेवावेत. जलद सूर्यनमस्कारातही चवड्यावर जोर येऊन बोटे मागे वाकतात. त्याने दुखत असेल तर तेही काही दिवस थांबवावेत.

पायावर भार न टाकता व्यायाम

सायकल: भार सीटवर राहतो, टाच आपटत नाही. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी. पेडल दाबताना चवड्याऐवजी पायाचा मधला भाग त्यावर ठेवला तर पट्ट्यावर ताण कमी येतो. चढ टाळावा. तोल जाण्याची भीती असणाऱ्यांनी घरातील स्थिर सायकल वापरावी.

पाणी: कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार जवळपास निम्मा होतो आणि छातीइतक्या पाण्यात त्याहूनही कमी. पोहता येणाऱ्यांनी पोहावे. न येणाऱ्यांनी तलावाच्या उथळ भागात, सोबत घेऊन चालावे. भिंतीला पायाने जोरात रेटा देऊ नये. पायाला जखम असल्यास पाण्यात उतरू नये.

खुर्ची: हा सर्वांना जमणारा व्यायाम. हात नसलेल्या भक्कम खुर्चीत ताठ बसावे. एकेक गुडघा आळीपाळीने उचलून बसल्या जागी 'कवायत' करावी. त्याच वेळी हात पुढे, बाजूला आणि वर न्यावेत. दोन मिनिटे जोरात, एक मिनिट सावकाश, असे दहा मिनिटे करावे. श्वास रोखू नये. नुसत्या हातांच्या व्यायामाने रक्तदाब जास्त चढतो, म्हणून हातपाय दोन्ही चालवावेत.

हृदयविकार असणाऱ्यांनी नवा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दरदरून घाम फुटला तर ताबडतोब थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

टाचेचीही काळजी

अंथरुणातून उठण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा. हाताने बोटे नडगीच्या दिशेने ओढावीत, दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकवून, दुखरा पाय मागे ताठ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून पुढे झुकावे. पोटरीला 30 सेकंद ताण द्यावा, असे तीनदा. आपल्याकडे घरात चप्पल घालण्याची पद्धत नाही. पण फरशीवर ओट्यापाशी उभे राहणाऱ्यांनी घरात वापरण्यासाठी मऊ तळाचा वेगळा जोड ठेवावा. हा खर्च अनेकदा मलमांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

धीर मात्र हवा. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेशिवाय बरी होते, पण त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. सकाळची पहिली पावले सुसह्य झाली की दहा मिनिटे सपाट जमिनीवर चालून पाहावे. चालताना दुखणे रुपयात चार आण्यांपेक्षा जास्त नसावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेले नसावे. तसे जमले तर दर आठवड्याला थोडी थोडी मिनिटे वाढवावीत.

दुखणे वेगळे कधी समजावे?

चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर जातो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर असह्य कळ येते. रात्री झोपेतही ठणका लागतो. अंगठ्याचा सांधा एकाएकी लाल होऊन सुजतो. किंवा पायाला मुंग्या येतात. यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. रक्तवाहिन्यांचा अडथळा, हाडाला गेलेली बारीक चीर, वातरक्त अशी कारणे असू शकतात.

मधुमेहींनी अधिक जपावे. पाय बधिर झाला असेल तर वेदना हा पहारेकरीच झोपलेला असतो. अशा पायाला गरम पाण्याचा किंवा बर्फाचा शेक देऊ नये, अनवाणी फिरू नये, रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. मधुमेहीचा पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला तर तो दुखत नसला तरी त्यावर भार न टाकता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

वर उल्लेखिलेल्या बाईंना दुपारी आणि संध्याकाळी खुर्चीचा व्यायाम आणि सकाळी पोटरीचा ताण सांगितला. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा टाच पूर्ण बरी नव्हती, पण साखर उतरली होती आणि दहा मिनिटांचे चालणेही सुरू झाले होते. "खुर्चीत बसूनही घाम येतो हो!" म्हणाल्या. तो घाम हृदयाच्या कामी आला होता.