परार्धांची गर्दी आणि तांब्याचा उंबरठा

कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये 2008 साली ‘रबिरश्मी आबासन’ ही 25 घरांची वसाहत उभी राहिली. देशातलं पहिलं सौर गृहसंकुल म्हणून ती ओळखली जाते. अशा एका घराच्या छपरावरच्या साधारण 2 किलोवॅटच्या सोलर पॅनलवर भर दुपारी ऊन पडलं, की सेकंदाला किती इलेक्ट्रॉन जागचे उचलले जात असतील? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यास्थानं परार्धापाशी, म्हणजे एकावर 17 शून्यांपाशी संपतात. इथे आकडा दोन लाख परार्धांच्या पुढे जातो. एका सेकंदात, एका छपरावर!

मला मात्र पॅनलपेक्षा त्यातून निघणारी तांब्याची तार जास्त थक्क करते. एक घन सेंटिमीटर तांब्यात साडेआठ लाख परार्ध मोकळे इलेक्ट्रॉन असतात. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम. त्यामुळे खालच्या ऊर्जापातळ्या भरत जातात आणि शेवटच्यांना फार वर जावं लागतं. हे वरचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 1,570 किलोमीटर वेगाने धावतात. जवळजवळ कोलकाता ते मुंबई! उष्णता देऊन एवढी ऊर्जा आणायची तर तापमान 80,000 अंशांच्या घरात न्यावं लागेल. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साडेपाच हजार अंशांचाच आहे. आणि तार हाताला गार लागते.

ही धाव सगळ्या दिशांना असते, म्हणून एकूणात खोडली जाते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतून 10 अँपिअर वाहत असताना इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात तासाला जेमतेम एक मीटर सरकतात. सकाळी छपरावरून निघालेला इलेक्ट्रॉन तळमजल्यावर पोचेपर्यंत दिवस मावळेल. वीज लगेच मिळते, कारण तार आधीच भरलेली असते आणि रेटा सगळ्यांना जवळपास एकदमच बसतो.

इतके वेगवान इलेक्ट्रॉन तांब्याबाहेर का पडत नाहीत? सर्वांत वरच्यालाही बाहेर पडायला आणखी सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. आइनस्टाइन यांनी 1905 साली सांगितलं, की प्रकाशाचा एक कण आपली ऊर्जा एकाच इलेक्ट्रॉनला देतो. याच कामासाठी त्यांना 1921 चं नोबेल मिळालं. हिरव्या प्रकाशाच्या कणात ही ऊर्जा सव्वादोनच्या आसपास, जांभळ्यात तीनच्या. पॅनलमधल्या सिलिकॉनला इलेक्ट्रॉन आतल्या आत उचलायला 1.1 पुरते. पोटॅशियमवर हिरवा प्रकाश पडला तर इलेक्ट्रॉन कसाबसा बाहेरही पडतो. स्वच्छ तांब्यापुढे मात्र दुपारच्या उन्हातले परार्धावधी कण हतबल ठरतात, कारण त्यांतल्या एकाचीही ऊर्जा पुरेशी नसते. गर्दी वाढवून इथे काहीच साधत नाही.

सूर्याकडून तेवढ्या ऊर्जेचे अतिनील किरण निघतात, पण ओझोनचा थर ते वरच अडवतो. त्या थराच्या खूप पलीकडे, पृथ्वीपासून दूर फिरणाऱ्या यानांच्या उन्हातल्या धातूच्या पत्र्यांतून इलेक्ट्रॉन खरोखरच उडतात, आणि पत्र्यावर काही व्होल्टपर्यंत धनभार चढतो.