धातूच्या मुळाशी जिवाणूंची वस्ती

म्हैसूरजवळच्या नंजनगूडला बी. व्ही. पंडित यांनी 1913 मध्ये सद्वैद्यशाला काढली आणि तिथली दातपूड त्या मुलखात घरोघरी पोचली. आज म्हैसुरात 1986 पासून चालणारं जेएसएस दंत महाविद्यालय आहे आणि पडलेल्या दाताच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवणं ही नवलाई उरलेली नाही. अडचण आहे ती एका समजुतीची. धातूला कुठे कीड लागते, असं म्हणत इम्प्लांट बसवून घेतलेली माणसं निर्धास्त होतात. धातूला कीड लागत नाही हे खरंच. पण तो ज्या हिरडीतून वर येतो आणि ज्या हाडात रुततो, ते दोन्ही जिवंत असतात.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1950 च्या दशकात सशांच्या हाडांवर काम करताना दिसलं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. मात्र नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे शिरून घट्ट रोवलेले असतात. इम्प्लांटभोवती ते बहुतांशी धातूला समांतर जातात, त्यात शिरत नाहीत. रक्तपुरवठाही तिथे कमी. त्यामुळे जंतूंना अडवणारी तटबंदी मुळातच कच्ची असते.

लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर धातूवर काही मिनिटांतच बसतो. त्यावर आधी स्ट्रेप्टोकोकस कुळातले गोल जिवाणू येतात, मग फ्यूजोबॅक्टेरियम. हा पुढच्या जंतूंना चिकटायला आधार देतो. थर जाड झाला की तळाशी प्राणवायू पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा अशा जंतूंचं फावतं. पायरियात सापडतात त्यांतलेच हे.

ही वस्ती तपासायची रीत साधी आहे. कागदाची निर्जंतुक सुई हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीत काही क्षण ठेवतात आणि तिने टिपलेला द्राव तपासतात. 1987 साली आंद्रेआ मोंबेली आणि सहकाऱ्यांनी असे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या इम्प्लांटजवळ जंतू थोडे, आणि तेही बहुतेक गोल. पू येणाऱ्या, हाड झिजलेल्या इम्प्लांटजवळ मात्र वळवळणारे मळसूत्री जंतू आणि काडीसारखे जिवाणू दाटलेले. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची नोंद. त्याच रुग्णाच्या तोंडात शेजारी असलेल्या निरोगी इम्प्लांटजवळ ही गर्दी नव्हती. म्हणजे बिघाड त्या एका फटीचा होता. नशिबाला बोल लावण्याआधी किंवा 'आमच्या घरात दात टिकतच नाहीत' असं म्हणण्याआधी ती फट साफ होते का, हे पाहायला हवं.

साफसफाई थांबली की काय होतं, हे बर्नच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं. 15 जणांनी दात आणि इम्प्लांट या दोन्ही ठिकाणी 3 आठवडे स्वच्छता बंद ठेवली. दोन्हींकडे हिरडी सुजली, पण इम्प्लांटजवळ रक्तस्राव जास्त होता. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर 3 आठवड्यांतही इम्प्लांटजवळची हिरडी पूर्वपदावर आली नाही.

सूज हिरडीपुरती असते तोवर, वेळ लागला तरी, ती परतवता येते. हाड झिजू लागलं की ते सहसा आपसूक भरून येत नाही. त्यातून दुखत नाही म्हणून लोक जातच नाहीत, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पूर्वी पायरिया झालेल्यांनी, मधुमेहींनी आणि तंबाखू ओढणाऱ्यांनी तर अधिकच जपावं. कॅप बसवताना बाहेर आलेलं सिमेंट हिरडीखाली राहिलं, तरी तिथे जंतूंना आसरा मिळतो.

इम्प्लांटवर कॅप बसली की त्या वेळचा एक्स-रे आणि हिरडीची मापं डॉक्टरांकडून मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे हाड किती उतरलं, हे त्यांच्याशी ताडूनच नेमकं कळतं. रोज ब्रशबरोबर फटीत जाणारा छोटा ब्रशही वापरा. घासताना रक्त दिसलं, तर दुखण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.