दुःख खरे, आरोप खोटा

परवा धुळ्याहून जळगावला येताना एस्. टी. त शेजारचे काका वर्तमानपत्र मिटून म्हणाले, "सगळी युद्धे ज्यूच लावतात, भाऊ!" मी गप्प बसलो. राहिलेले उत्तर येथे देतो.

१९१८ साली जर्मनी महायुद्ध हरला. घरोघरी शोक होता. रणांगणावरचा पराभव मान्य करण्यापेक्षा 'घरभेद्यांनी, विशेषतः ज्यूंनी, पाठीत खंजीर खुपसला' हे ऐकणे सोपे गेले. वास्तविक जर्मनीसाठी सुमारे १२,००० ज्यू सैनिक कामी आले होते. १९१६ साली सैन्याने ज्यूंची शिरगणती केली, पण युद्ध संपेपर्यंत निकाल जाहीर केला नाही. ज्यूंच्या जागतिक कटाचे 'प्रोटोकॉल्स' बनावट असल्याचे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ साली सिद्ध केले, तरी ते खपतच राहिले. पुढे साठ लाख ज्यू मारले गेले.

दुःख खरे असते, म्हणून त्याला चिकटवलेला आरोपही खरा वाटतो. हे दूरचे नाही. साक्री तालुक्यातील राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुले पळविण्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. आईबापांची काळजी खरी होती. चोर मात्र कोणीच नव्हते.

काका पुन्हा भेटले तर एवढेच विचारीन, "हे कोणी पाहिले?"