कुत्रें घरीं आणण्यापूर्वीं

कुत्र्याचें पिलूं घरीं आणावयाचें ठरलें म्हणजे घरांत पहिला वाद माजतो तो त्याच्या नांवाविषयीं आणि दुसरा त्याच्या जातीविषयीं. तें कोठून आणावयाचें, हा तिसरा प्रश्न बहुधा कोणी काढीतच नाहीं. कोणी एखाद्या दुकानाचें नांव सुचवितो, कोणाच्या कचेरींतील स्नेह्याच्या कुत्रीला पिलें झालेलीं असतात, मोबाइलवर एक गोजिरवाणें चित्र येतें, आणि रविवारीं संध्याकाळीं टोपली घरांत येऊन पडते. कुत्र्याचें आयुष्य सामान्यतः दहा ते चौदा वर्षांचें. या वर्षांतील सुखदुःख नांवावर तर अवलंबून नसतेंच, पण जातीपेक्षांही तें पुष्कळ वेळां या न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतें.

कुत्र्याविषयींचा जिव्हाळा मराठी माणसाला परका नाहीं. श्रीदत्ताच्या पायांशीं चार कुत्रीं आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रें धांवतें, आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन जाणारे नामदेव लहानपणींच प्रत्येकाला भेटतात. महाप्रस्थानाच्या अखेरीस युधिष्ठिरानें स्वर्गाचा रथ नाकारला तो कुत्र्यासाठींच. परंतु या सर्व कथांतील कुत्रें मोकळें आहे. खेड्यांतील किंवा जुन्या वाड्यांतील कुत्रेंही बहुधा एकाचें नसे, आळीचें असे. चार घरें मिळून त्याला उरलीसुरली भाकरी घालीत; तें दिवसा ओट्याखालीं निजे, रात्रीं भुंके आणि आपला दिनक्रम आपणच ठरवी. पांचव्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आलेल्या कुत्र्याला मलमूत्रविसर्जनासाठींसुद्धां माणसाच्या सवडीची वाट पाहावी लागते. नवराबायको दोघेंही कामावर, मुलें शाळेंत, आणि कुत्रें दहा तास बंद दाराआड, अशी स्थिति असेल तर त्या घरीं कुत्रें न आणणें हीच श्वानप्रीति म्हणावी लागेल. दिवसांतून दोनदां तरी तास-अर्धा तास फिरविणारा माणूस घरांत कोण, हें नांवानिशीं ठरलेलें असावें. ‘सगळे मिळून बघूं’ याचा अर्थ बहुतेक घरांत ‘आई बघेल’ असा होतो!

आतां मूळ प्रश्न. कुत्रें मिळविण्याचे मार्ग मुख्यतः दोन : पैदास करणाऱ्याकडून पिलूं विकत घेणें, किंवा प्राण्यांच्या आश्रयगृहांतून अथवा रस्त्यावरून अनाथ कुत्रें उचलून आणणें. दोहोंचेही कैवारी हट्टी असतात. एका पक्षाला विकत घेणारा प्रत्येक माणूस निर्दय वाटतो, तर दुसऱ्याला रस्त्यावरचें प्रत्येक कुत्रें रोगट आणि चावरें वाटतें. दोन्ही मतें अनुभवाला धरून नाहींत.

पैदाशीचा धंदा आपल्या देशांत दीर्घकाळ जवळजवळ बेबंद चालला होता. १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्याच्या आधारें केंद्र सरकारनें २०१७ सालीं श्वानपैदाशीविषयीं स्वतंत्र नियम केले. त्यांप्रमाणें पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करून घेतली पाहिजे. कुत्री अठरा महिन्यांची होण्यापूर्वीं व आठ वर्षांची झाल्यावर तिची वीण घेतां येत नाहीं. वर्षांतून एकाहून अधिक नाहीं आणि उभ्या आयुष्यांत पांचांहून अधिक नाहीं. आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास मनाई आहे. नियम कागदावर चांगले आहेत. पण ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारा सर्वांत जवळचा माणूस म्हणजे स्वतः गिऱ्हाईक. नोंदणीपत्र दाखवा, असें म्हणण्याचा संकोच वाटण्याचें कांहींच कारण नाहीं.

त्याहून महत्त्वाची मागणी म्हणजे पिलाची आई पाहण्याची. जो विक्रेता पिलूं घरपोंच आणून देतों म्हणतो, अर्ध्या वाटेवर मोटारींतच व्यवहार उरकूं पाहतो, किंवा ‘आई गांवीं आहे’ असें सांगतो, त्याच्या मागें बहुधा एखादी अंधारी खोली असते आणि त्या खोलींत, वीण संपते न संपते तों दुसऱ्या विणीला लावलेली, हाडें वर आलेली कुत्री असते. दुकानांतील कांचेआड खेळणारीं पिलेंही पुष्कळदां अशाच ठिकाणाहून आलेलीं असतात. पिलाची दया येऊन तें ‘सोडवून’ आणणारा मनुष्य सद्हेतूनेंच पैसे मोजतो, पण त्या पैशानें पुढच्या विणीची तरतूद होते.

आठ आठवड्यांचा आग्रह कशासाठीं, हें समजून घेण्यासारखें आहे. जे. पी. स्कॉट व जे. एल. फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पांच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षें प्रयोग करून १९६५ सालीं आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें मांडले. पिलाच्या वयाचा साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा त्याच्या स्वभावाच्या जडणघडणीचा काळ होय, असें त्यांस आढळलें. या काळांत जें भेटतें त्याची भीति पुढें वाटत नाहीं. जें भेटत नाहीं तें पुढें परकें आणि भयप्रद ठरतें. या दिवसांतील पूर्वार्धांत पिलूं आई व भावंडें यांच्याशीं खेळतां खेळतां दांत किती लावावा हें शिकतें. उत्तरार्धांत त्याला माणसें, लहान मुलें, वाहनांचे आवाज आणि जिने-दारें यांची ओळख व्हावी लागते. तिसाव्या दिवशीं आईपासून तोडलेलें पिलूं दिसावयास अधिक गोंडस दिसतें, परंतु चाव्याची मर्यादा शिकविणारा गुरु त्याला भेटलेलाच नसतो. त्यांतच आईच्या दुधांतून मिळालेलें रोगनिवारक बळ ओसरूं लागतें, लसी पुऱ्या झालेल्या नसतात, आणि पार्व्होसारखा सांसर्गिक अतिसार असें पिलूं थोड्याच दिवसांत घेऊन जातो.

वंशावळीच्या कागदाविषयींही एक गैरसमज दृढ आहे. केनेल क्लबचा कागद पिलाचे आईबाप कोण हें सांगतो. तें निरोगी आहे असें सांगत नाहीं. अल्सेशियन आणि लॅब्राडोर या दोन्ही जातींत मागील पायांच्या खुब्यांचा एक दोष आनुवंशिक असतो. विचारी पैदासकार आईबापांच्या खुब्यांचीं क्ष-किरण चित्रें काढून मगच त्यांची जोडी जुळवितो. तीं चित्रें दाखविणारा मनुष्य शंभर बक्षिसांचे चषक मांडून बसणाऱ्यापेक्षां अधिक भरंवशाचा.

जात निवडतांना हवामानाचा विचार तर कोणीच करीत नाहीं, असें मुंबईच्या रस्त्यांवर सकाळीं फेरफटका मारला असतां वाटूं लागतें. कुत्र्याला अंगभर घाम येत नाहीं. आला तर पायांच्या तळव्यांपुरता. शरीरांतील उष्णता बाहेर टाकण्याचें त्याचें मुख्य साधन म्हणजे धापा टाकणें. सैबेरियांतील हस्की किंवा आल्प्स पर्वतांतील सेंट बर्नार्ड यांच्या अंगावरील दुहेरी लोकर ही बर्फासाठीं निर्माण झालेली आहे. वैशाखांत त्यांना वातानुकूलित खोलींत कोंडून ठेवणें म्हणजे श्रीमंती तुरुंगवासच. पगची कथा निराळी व अधिक करुण आहे. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींत मुलाच्या मागोमाग चालणारा पग झळकला आणि देशभर त्याची मागणी वाढली. या जातीचें तोंड माणसाच्या आवडीसाठीं पिढ्यानपिढ्या आंखूड करीत आणलें गेलें; हाड आंखूड झालें, परंतु आंतील मऊ टाळू त्या मानानें आंखूड झाली नाहीं. ती श्वासमार्गांत लोंबते. त्याचें तें घोरणें घरच्यांना गंमतीचें वाटतें. वास्तविक तें श्वासासाठीं चाललेले कष्ट असतात. ज्याला धापा टाकूनच अंग थंड करावयाचें, त्याच्या धापांच्याच वाटेंत हा अडसर!

जातिवंत कुत्रेंच हवें असेल तर घरच्या वैभवाकडेही पाहण्यास हरकत नाहीं. दख्खनच्या पठारावरील कारवानी अथवा मुधोळ हें सडपातळ, लांब पायांचें शिकारी कुत्रें येथील उन्हांत वाढलेलें आहे. डाक खात्यानें २००५ सालीं मुधोळ, रामपूर, राजपालयम् आणि हिमालयीन मेंढपाळी कुत्रा या चार भारतीय जातींचीं तिकिटें काढून त्यांचा गौरव केला. मात्र सशामागें माळरान तुडविण्यासाठीं जन्मलेलें हें जनावर. त्याला दररोज मनसोक्त धांवावयास मोकळी जागा न मिळाल्यास तें कष्टी होतें. देशी म्हणून तें सदनिकेंत सोयीचें, असें समजूं नये.

दुसरा मार्ग अनाथ कुत्र्याचा. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मुंबईला नवा नाहीं. १८३२ सालच्या जून महिन्यांत इंग्रज सरकारच्या कुत्रीं मारण्याच्या हुकुमावरून, आणि मारणाऱ्यास मिळणाऱ्या बक्षिसावरून, शहरांत दंगल उसळली होती. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी त्यांत अग्रभागीं होते. त्यानंतरही कुत्रीं मारण्याचे उपाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत निरनिराळ्या शहरांत चालूच राहिले, आणि कुत्रीं कांहीं संपलीं नाहींत. उकिरडा जागच्या जागीं असल्यावर एक कुत्रें गेलें कीं दुसरें येतें. २००१ सालच्या नियमांनीं निर्बीजीकरण करून व लस टोंचून कुत्रें त्याच्या जागीं परत सोडण्याची पद्धति आली. २०२३ सालीं त्या नियमांची नवी आवृत्ति निघाली. कानाला खांच असलेलें कुत्रें रस्त्यांत दिसतें, त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे असें समजावें. परळचें पेटिट पशुरुग्णालय, पुण्यांतील ब्ल्यू क्रॉस यांसारख्या संस्था आणि कित्येक लहान मंडळ्या जखमी व टाकून दिलेल्या कुत्र्यांना आसरा देतात. अशा आश्रयगृहांत केवळ गांवठी कुत्रींच असतात असेंही नाहीं. हौस फिटल्यावर सोडून दिलेलीं लॅब्राडोर, पग आणि हस्की तेथें अनेकदां आढळतात.

आश्रयगृहांतील प्रौढ कुत्र्याचा एक मोठा लाभ दुर्लक्षिला जातो. पिलूं म्हणजे बंद पाकीट. तें पुढें केवढें वाढेल, मुलांशीं कसें वागेल, एकटें ठेवल्यास दार खरवडील काय, यांतलें कांहीं आज सांगतां येत नाहीं. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसत असतो, आणि त्याला रोज खाऊं घालणारा माणूस तो सांगूं शकतो. त्याला नीट विचारावें : हें अन्नाच्या थाळीजवळ कोणाला येऊं देतें काय? काठी पाहून दबकतें काय? मुलांत राहिलें आहे काय? आणि एकाच भेटींत निर्णय न करतां दोन-तीन वेळां, घरांतील सर्वांनीं जाऊन, त्याला फिरवून आणावें. वयस्क माणसांच्या घरीं तर पिलाच्या धुमाकुळापेक्षां असें शांत, पोक्त कुत्रें केव्हांही बरें.

तथापि येथेंही आंधळा उत्साह नको. मार खाल्लेलें, उपाशी राहिलेलें कुत्रें नव्या घरांत पहिले दिवस पलंगाखालींच काढतें. तें खात नाहीं, किंवा अधाशासारखें खातें, जिन्याला भितें. त्याला बाहेर ओढूं नये, नातेवाइकांना दाखवावयास बोलावूं नये. कांहीं आठवड्यांनीं तें मोकळें होतें, आणि त्याचे खरे गुण-अवगुण तेव्हांच दिसूं लागतात. लहान मूल असलेल्या घरानें भित्रें कुत्रें घेऊंच नये. भीतीनें चावणारें कुत्रें हें रागानें चावणाऱ्याहून कमी धोक्याचें नसतें. रस्त्यावरील डोळे नुकते उघडलेलें पिलूं आईजवळून उचलून आणणें हेंही तिसाव्या दिवशीं विकत आणण्यासारखेंच. आई जिवंत असेल तर तिला खाऊं घालावें आणि पिलांना आणखी कांहीं आठवडे तिच्यापाशीं राहूं द्यावें.

कुत्रें कोठूनही येवो, लसीच्या बाबतींत हयगय चालत नाहीं. अलर्क रोगाचीं, म्हणजे रेबीजचीं, लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर मनुष्य वांचत नाहीं असेंच व्यवहारांत धरून चालावें. १८८५ सालीं पाश्चरनें पिसाळलेलें कुत्रें चावलेल्या एका मुलाला लस देऊन वांचविलें. तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो, आणि तरीही आपल्या देशांत माणसें त्यानें मरतात. पिलाला तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ही लस टोंचावी आणि पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती नियमानें द्यावी. घरचें असो वा दारचें, कुत्रें चावलें वा त्याचा ओरखडा निघाला तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहीं जखमेवर लावूं नये. पाळीव कुत्र्याच्या लसीची, जंताच्या औषधाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी २०२३ च्या नियमांनीं स्पष्टपणें मालकावर टाकली आहे. ‘एकदां तरी पिलें होऊं द्यावीं’ ही भावना समजण्यासारखी असली तरी त्या सहा-आठ पिलांना घरें कोण देणार, हें आधीं ठरलेलें नसतें.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. उद्वाहनांत कुत्र्याची साखळी आंखूड धरणें, रस्त्यावरील विष्ठा कागदांत उचलणें, आणि ज्याला भीति वाटते त्याला ‘तो कांहीं करीत नाहीं हो’ असें न ऐकवतां बाजूस होणें, एवढें केलें तरी गृहनिर्माण संस्थांतील निम्मीं भांडणें मिटतील.

राहतां राहिला त्यागाचा प्रश्न. बदली होते, घरांत बाळ येतें, आजोबांना दम्याचा त्रास सुरू होतो, आणि कुत्रें दूरच्या वस्तींत मोटारींतून सोडून दिलें जातें. घरांत वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न मिळवितां येत नाहीं. तेथील कुत्रीं त्याला टिकूं देत नाहींत. उपासमार होईल अशा स्थितींत प्राणी टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविला, पण पहिल्या वेळीं दंड ठेवला दहा ते पन्नास रुपयांचा. हजारों रुपयांना घेतलेल्या जनावराच्या मालकाला त्याची भीति ती काय वाटणार? म्हणून खरी तजवीज कुत्रें आणतांनाच करावी लागते. नीट चालविलेलीं आश्रयगृहें कुत्रें देतांना एक करारपत्र लिहून घेतात. सांभाळणें अशक्य झाल्यास तें इतरत्र न देतां आपल्याकडेच परत आणावें, असें त्यांत कलम असतें. चांगला पैदासकारही तसेंच लिहून देतो. घरीं पाहणी करावयास येणारा, नोकरीच्या वेळा व घरमालकाची संमति विचारणारा आश्रयगृहाचा कार्यकर्ता पुष्कळांना उद्धट वाटतो. त्याचे प्रश्न संपल्यावर त्याच्याकडून हें कलम वाचून घ्यावें, आणि बदली झाल्यास कुत्रें कोणाकडे राहील त्याचें नांव त्याच कागदावर, त्या माणसाला विचारून, लिहावें.