गाडीची जीभ

ज्या घरात एकेकाळी बजाज चेतक होती, त्या घराला स्पार्क प्लगची ओळख करून द्यावी लागत नाही. किक मारून मारून पाय दुखायचा, स्कूटर आडवी करून व्हायची आणि शेवटी डिकीतून प्लगपाना निघायचा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची. ती पॉलिश पेपरनं घासायची, फुंकर मारायची, प्लग पुन्हा बसवायचा. स्कूटर फुरफुरली, की घरच्या कर्त्या माणसाच्या चेहऱ्यावर डॉक्टरचं समाधान दिसायचं.

दोनच माणसांच्या महागड्या स्पोर्ट्स कारच्या मालकालाही रविवारी हेच समाधान हवं असतं, हे चटकन खरं वाटणार नाही. पण जपानच्या माझदा एमएक्स-५चं उदाहरण पाहा. उघड्या टपाची ही गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि २०१६ साली तिचं उत्पादन दहा लाखांवर पोहोचलं. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जपानमध्ये तिचे मालक सुटीच्या दिवशी बॉनेट उघडून स्वतःच प्लग बदलताना दिसतात.

गाडीच्या रचनेमुळेच हे जमतं. पहिल्या एमएक्स-५च्या १.६ लिटर इंजिनाचे चारही प्लग अगदी वर, हाताशी असतात. खोल, अरुंद विहिरीत उभे केल्यासारखे. उलट पोर्श ९११चे सहा सिलिंडर आडवे. तिचे प्लग मागच्या चाकांजवळ, खाली दडलेले. अनेक मॉडेलांत त्यांच्यापर्यंत पोहोचायलाच आधी बरंच काही खोलावं लागतं.

प्लगचं काम ऐकायला सोपं आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून हजारो व्होल्ट होऊन येतात आणि प्लगच्या टोकाशी असलेली चिमुकली फट ठिणगीच्या रूपानं ओलांडतात. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला ५० वेळा पेट्रोलची वाफ पेटवावी लागते. त्यात टोकं झिजतात, फट वाढते, गाडी अडखळू लागते, पेट्रोल जास्त पिते.

आता प्रत्यक्ष काम. पहिला नियम, इंजिन पूर्ण गार हवं. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचे आटे पोलादाचे. गरम असताना जोर लावला, तर मऊ ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडले जातात. वायर काढताना रबरी टोपी धरून ओढायची, वायर नव्हे. एका वेळी एकच प्लग काढायचा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. प्लग सैल करण्याआधी विहिरीतली धूळ हवेच्या झोतानं उडवायची. नाहीतर तीच सिलिंडरात जाते.

प्लग बाहेर आला, की घाई करू नये. वैद्य जीभ पाहतो, तसा तो उजेडात धरून पाहावा. टोक फिकट चहाच्या रंगाचं असेल, तर प्रकृती ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओल म्हणजे सिलिंडरात ऑइल शिरतंय. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन फार तापतंय. टोक स्वच्छ आणि वरचा भाग मात्र तेलानं माखलेला असेल, तर वरच्या झाकणाचं गॅस्केट गळत असण्याची शक्यता मोठी. नुसता नवा प्लग लावून मोकळं होणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

नव्या प्लगची फट गेजनं मोजायची. या इंजिनाला सुमारे १.१ मिलिमीटर. मग येतो सगळ्यात नाजूक क्षण. रबरी नळीच्या तुकड्यात प्लग अडकवून तो विहिरीत सोडायचा आणि नुसत्या बोटांनी फिरवायचा. आटे जुळले, तर तो मुकाट आत जातो. अडला, तर बाहेर काढून पुन्हा सुरुवात करायची. इथे पान्यानं रेटलं, तर एका स्वस्त प्लगपायी अख्खं हेड उतरवायची पाळी येऊ शकते. प्लग टेकल्यावरच पाना लावायचा. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधला आकडा पाहायचा. नसेल, तर वॉशर असलेल्या नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा पुरतो. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, हा समज अनेक इंजिनांना महागात पडला आहे.

२०२० साली चेतक पुन्हा रस्त्यावर आली, ती विजेवर चालणारी. तिला प्लगच नाही. हळूहळू स्पोर्ट्स कारही त्याच वाटेनं निघाल्या आहेत, आणि हवेच्या दृष्टीनं ते बरंच आहे. पण ज्यांच्या दारात अजून पेट्रोलची गाडी आहे, त्यांनी पुढच्या वेळी प्लग बदलताना मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवावं. जुना प्लग हातात देऊन त्याचा रंग विचारावा. आणि नवा प्लग बसवताना पहिले तीन-चार फेरे त्यांच्याच बोटांनी देऊ द्यावेत. कुठे जोर लावायचा आणि कुठे थांबायचं, हे पोरांच्या हाताला तिथेच कळतं.