लेन्सचा कन्नडक

वडोदऱ्याला आमच्या आत्याच्या घरी आजोबांचा एकच मोठा फोटो आहे. कैक पावसाळ्यांची दमट हवा खाऊन तो फ्रेमच्या काचेला आतून चिकटला आहे. काच काढली तर चेहऱ्यासकट कागद फाटेल. गेल्या दिवाळीत त्याची प्रत घ्यायला कॅमेरा लावला, तर आजोबांच्या कपाळावर समोरची खिडकी!

आत्या म्हणाली, "अरे, चकाकी घालवणारा फिल्टर आणलायस ना? लाव की!"

पोलरायझिंग फिल्टर लावून फिरवला, पण खिडकी हटेना. बाजूला सरकून तिरपं पाहिलं, तेव्हा ती गेली. पण आजोबाही तिरपे झाले. चूक फिल्टरची नव्हती, माझी होती.

काचेवरून किंवा पाण्यावरून तिरकस परतलेला प्रकाश बहुतांशी एकाच दिशेत कंप पावतो. तेवढाच हा फिल्टर अडवतो. काचेशी साधारण ३५ अंशांचा कोन असेल, तर परिणाम सर्वांत जास्त. अगदी समोरून मात्र त्याचा उपयोग नाही. शेवटी खिडकी बंद केली, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावले, कॅमेऱ्यामागे काळी शाल धरली. आजोबा स्वच्छ आले, तेही फिल्टर काढूनच.

फिल्टरचं खरं काम दुसऱ्या दिवशी सूरसागर तलावावर कळलं. फिल्टर फिरवला की पाण्यावरची चकाकी ओसरते; पण मधल्या शंकराच्या पुतळ्याचा सोनेरी मुलामा चमकतच राहतो, कारण धातूच्या चकाकीवर याची मात्रा चालत नाही. जास्त फिरवलं, तर पाण्यातलं प्रतिबिंबही पुसट होतं. म्हणून डोळा लावून, हवं तिथं थांबायचं. १८९० साली पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्यामागचं आकाश गडद निळं हवं असेल, तर सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे ठेवावा.

विकत घेताना एवढं पाहावं. लेन्सच्या कडेवर व्यासाचा आकडा असतो: ५२, ५८, ६७, ७७ मिलिमीटर असा. लेन्स अनेक असतील, तर सर्वांत मोठीच्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि लहान लेन्सना जोडरिंग लावावी. फिल्टर 'सर्क्युलर' असावा. जुन्या पद्धतीच्या 'लिनियर'नं आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस आणि प्रकाशमापन चुकू शकतं. दुकानातच परीक्षा घ्या. आट्यांची बाजू आरशाकडे करून फिल्टरमधून आरशातल्या फिल्टरकडे पाहा. काच काळी दिसली आणि फिल्टर उलटा धरल्यावर स्वच्छ दिसली, तर तो सर्क्युलर. काचेवर मल्टिकोटिंग हवं. वाइड लेन्सला पातळ कडेचा घ्यावा, नाहीतर कोपरे काळे येतात. तरीही तिच्यात आकाश एकीकडे गडद, एकीकडे फिकं येतंच.

आणि काम झालं की काढून ठेवावा. तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो. संध्याकाळी देवघरात लावून ठेवलात, तर फोटो हललेलेच येतील.

आमच्या आईचं माहेर धारवाडचं. ती चष्म्याला अजून कन्नडकच म्हणते. फिल्टर पाहून म्हणाली, "म्हणजे लेन्सचा कन्नडक की!" मग स्वतःचा कन्नडक लावून आजोबांची प्रत हातात घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली. सासऱ्यांच्या कपाळावरचा व्रण, म्हणाली, तिला इतक्या वर्षांनी पुन्हा दिसला.

तुमच्याही भिंतीवर असा एखादा फोटो असेल. पुढचा पावसाळा येण्याआधी त्याची प्रत घ्या.